एका मिलिव्होल्टचा माग

छातीत कळ आली म्हणून माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर आधी ईसीजी काढायला सांगतात. मनगटांना आणि घोट्यांना चिमटे, छातीवर सहा बटणे, दोन मिनिटे हालचाल न करता पडून राहायचे, आणि बारीक गुलाबी चौकटींचा कागद हातात येतो. जुनी मंडळी त्याला अजूनही कार्डिओग्रामच म्हणतात. असा कागद घरातल्या फायलीत असेल तर लाटांकडे पाहण्याआधी त्याच्या कडेला एक सरळ उभा चौकोनी उंचवटा दिसतो का ते बघा. बारीक चौकटी मोजल्या तर त्याची उंची दहा भरेल. दहा मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिव्होल्ट, असे ते माप. आडव्या दिशेने एक बारीक चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. जगभरच्या ईसीजी यंत्रांवर आज हेच माप चालते. ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी ठरवले. त्यांचे नाव विलेम आइंटहोव्हेन.

एक मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. भिंतीवरच्या घड्याळातला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा दीड हजारावा हिस्सा. हृदयातली वीज कातडीपर्यंत पोचता पोचता एवढीच उरते, आणि तीही सेकंदाच्या काही शतांश भागांत चढते, उतरते, नाहीशी होते. हे इवलेसे आणि घाईतले काही तरी जसेच्या तसे कागदावर उतरवायचे, यासाठी आइंटहोव्हेन यांनी उमेदीची सगळी वर्षे घातली. जिवंत पेशींतली वीज मोजण्याच्या शास्त्रात आज नॅनोकणांपर्यंत मजल गेली आहे; पण त्यातली मूळ अडचण काय असते हे समजून घ्यायचे तर या माणसाच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण नाही.

त्यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरच्या सेमारांग या बंदरात झाला. जावा तेव्हा डचांची वसाहत होती आणि वडील, याकोब आइंटहोव्हेन, तिथे डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचा असताना वडील वारले. आणखी चार वर्षांनी आई सहा मुलांना घेऊन मायदेशी परतली आणि उत्रेख्त शहरात राहू लागली. वडिलांसारखेच डॉक्टर व्हायचे या विचाराने विलेम १८७८ साली तिथल्याच विद्यापीठात दाखल झाला.

मुलगा हुशार होता आणि अंगापिंडानेही धट्टाकट्टा. व्यायामशाळा, तलवारबाजी, नौका वल्हवणे यात तो पुढे असे. एकदा कसरत करताना त्याचे मनगट मोडले आणि घरी बसायची वेळ आली. बसल्या बसल्या त्याने स्वतःच्याच हाताचा अभ्यास मांडला. तळवा उताणा-पालथा करताना कोपरात आणि खांद्यात नेमके काय फिरते, हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्यातून कोपराच्या सांध्यावरचा त्याचा पहिला शास्त्रीय लेख तयार झाला. पुढच्या आयुष्यातली सवय इथेच दिसते. शरीर म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक यंत्र होते, आणि यंत्र म्हटले की त्याचे मोजमाप आलेच. डोळ्यांचे प्रख्यात अभ्यासक डोंडर्स यांच्या हाताखाली त्यांनी १८८५ साली डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधाचा विषय होता, वेगवेगळे रंग आपल्याला पुढेमागे असल्यासारखे का दिसतात. पुढच्याच वर्षी, वयाची सव्वीस वर्षेही पुरी झाली नसताना, लायडन विद्यापीठाने त्यांना शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक नेमले. त्यानंतर त्यांनी लायडन कधी सोडले नाही.

हृदयात वीज असते हा शोध काही त्यांचा नव्हे. १८५६ साली कोलिकर आणि म्यूलर या जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी बेडकाच्या धडधडत्या हृदयावर दुसऱ्या बेडकाच्या पायाची नस ठेवली होती. प्रत्येक ठोक्याला तो पाय आखडत होता. विजेचे यंत्र म्हणून त्यांनी बेडकाचा पायच वापरला म्हणायचा! पण पाय आखडतो एवढ्याने वीज किती, कुठून कुठे, किती वेळ, यातले काहीच कळत नाही.

ही वीज येते कुठून? हृदयाच्या स्नायूची प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ पडद्यात बंद असते. पडद्याच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. पेशी स्वस्थ असते तेव्हा आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. ठोक्याची वेळ आली की पडद्यातली बारीक दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणार्धात धन होते. मग जवळजवळ पाव सेकंदाहून थोड्या अधिक वेळाने सगळे पुन्हा पूर्ववत. एका पेशीची ही उलथापालथ शेजारणीला जागे करते, ती तिच्या शेजारणीला. असे हे वारे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरत जाते आणि त्याच्या मागोमाग स्नायू आवळतो. अब्जावधी पेशींच्या या हालचालीची बेरीज-वजाबाकी होऊन जे उरते ते शरीरातल्या खारट पाण्यातून कातडीपर्यंत येते. तोच आपला तो एक मिलिव्होल्ट. पेशीच्या पडद्याचा हा हिशेब पूर्णपणे उलगडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. आइंटहोव्हेन यांच्या तरुणपणी एवढेच माहीत होते, की हृदयाबरोबर काही तरी विजेचे घडते.

माणसाच्या छातीला धक्का न लावता ही वीज पहिल्यांदा नोंदवली ती ऑगस्टस वॉलर यांनी, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, १८८७ साली. त्यासाठी त्यांनी लिपमान यांनी बनवलेला केशनलिका विद्युतमापक वापरला. केसासारख्या बारीक काचनळीत पारा आणि त्याला भिडलेले गंधकाम्ल अशी ती रचना. विजेचा दाब बदलला की पाऱ्याची कड किंचित वरखाली होते आणि मागून प्रकाश टाकून तिची सावली छायाचित्राच्या काचेवर घेता येते. वॉलर यांनी १८८९ साली बाझेल इथे भरलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे करून दाखवले. पाहणाऱ्यांत एकोणतीस वर्षांचे आइंटहोव्हेन होते.

वॉलर हा मोठा हौशी माणूस. जिमी नावाचा आपला बुलडॉग ते प्रयोगाला उभा करत, त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून. १९०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हा खेळ दाखवल्यावर प्राण्यांचा छळ होतो अशी तक्रार थेट ब्रिटिश संसदेत गेली. मंत्र्यांना खुलासा करावा लागला की कुत्रा थोडे मीठ घातलेल्या पाण्यात उभा होता, याखेरीज त्याला काही झालेले नाही. मात्र या नोंदींचा रुग्णालयात फारसा उपयोग होईल असे खुद्द वॉलर यांना वाटत नव्हते. १९११ सालापर्यंत त्यांचे मत असे होते की एखाद्या दुर्मीळ बिघाडाची नोंद ठेवायला ही रीत फार तर कधीमधी कामी येईल. वाट दाखवणारा माणूस स्वतः त्या वाटेने गेला नाही, असे विज्ञानात अनेकदा घडते.

आइंटहोव्हेन यांना मात्र ती वाट सोडवेना. त्यांना खटकत होता तो पारा. वॉलर यांच्या नोंदीत प्रत्येक ठोक्याला दोनच बोथट उंचवटे दिसत. हृदयच तसे बोथट बोलते, की पारा ऐकताना शब्द गिळतो? पारा हा जड पदार्थ. विजेचा धक्का बसल्यावर तो निघायला वेळ लावतो आणि निघाला की थांबायलाही वेळ लावतो. तोवर धक्का येऊन गेलेला असतो. सागवानी दार झुळकेने हलले तर वारा किती होता हे दारावरून कसे सांगणार? शिवाय प्रयोगशाळेजवळच्या फरसबंद रस्त्यावरून घोडागाडी गेली तरी पारा थरथरे. हे हादरे थोपवण्यासाठी त्यांनी जमिनीत कित्येक फूट खोल खड्डा खणून त्यात मोठमोठे दगड भरले, असे सांगतात.

खड्ड्याने हादरे कमी झाले, पाऱ्याचा आळस थोडाच जाणार! तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. पारा किती उशीर करतो, कोणत्या वेगाला किती मागे पडतो, याचे नियम त्यांनी प्रयोगाने काढले आणि मग उलटा हिशेब मांडला: पाऱ्याने अशी रेघ काढली असेल, तर मूळ विजेची रेघ कशी असली पाहिजे? त्यासाठी लागणारे उच्च गणित वैद्यकाच्या अभ्यासक्रमात कुठून असणार? ते त्यांनी बरेचसे स्वतःच शिकून घेतले. लायडनमध्ये तेव्हा लोरेंट्झ यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ होता, हे त्यांचे भाग्य. १८९५ साली त्यांनी हिशेबाने दुरुस्त केलेली रेघ प्रसिद्ध केली. पाऱ्याने काढलेल्या रेघेवर चार खुणा होत्या, त्यांना त्यांनी ए, बी, सी, डी म्हटले होते. दुरुस्त रेघेवर पाच निघाल्या आणि त्या पहिल्या चारांपेक्षा अगदी वेगळ्या दिसत होत्या. गोंधळ नको म्हणून या पाचांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ही अक्षरे पाठ करतो आणि ती मधूनच का सुरू होतात असा प्रश्न त्याला पडतो. वक्ररेषेवरच्या बिंदूंना पी पासून नावे देण्याची भूमितीतली जुनी रीत होती, तिचाच हा वारसा असावा असे अभ्यासक मानतात.

पी ही वरच्या दोन कप्प्यांत पसरणाऱ्या विजेची लहान टेकडी. क्यू, आर, एस हा खालच्या बलदंड कप्प्यांचा उंच सुळका, सेकंदाच्या दहाव्या भागात आटपणारा. टी ही त्या कप्प्यांच्या पेशी पूर्ववत होतानाची सावकाश लाट. पाऱ्याच्या नोंदीत नेमका हा सुळकाच बोथट होऊन बसला होता.

इथे थांबले असते तरी चालले असते. प्राध्यापकी होती, नाव झाले होते, दम्यात श्वासनलिकांचे स्नायू कसे आवळतात यावरही त्यांनी चांगले काम केले होते. पण एकेका ठोक्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, ही काही रोग्याच्या उपयोगाची पद्धत नव्हे. शिवाय एक शंका उरतेच. दुरुस्त केलेली रेघ ही कोणी पाहिलेली रेघ नव्हती, ती अनुमानाची होती. हिशेबात चूक असेल तर? याची परीक्षा एकाच रीतीने होऊ शकत होती. मुळात आळसच नसलेले, दुरुस्तीची गरज न पडणारे यंत्र बनवायचे.

चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तार ताणून बसवली आणि तिच्यातून वीज सोडली तर ती बाजूला सरकते, हे जुने तत्त्व. त्या काळच्या चांगल्या विद्युतमापकांत तारेचे वेटोळे असे, पण वेटोळे म्हटले की वजन आले. आइंटहोव्हेन यांनी वेटोळे काढून टाकले आणि एकच तंतू ठेवला. फ्रान्सच्या क्लेमाँ आदेर यांनी समुद्राखालच्या तारायंत्रासाठी असे तारेचे यंत्र आधी केले होते, पण हृदयासाठी ते पुरेसे हळवे नव्हते. मग या तंतूला किती हलके करायचे? त्यांनी क्वार्ट्झ निवडला. क्वार्ट्झचा खडा प्रखर ज्योतीत वितळवायचा, त्याचा चिकट थेंब बाणाच्या शेपटीला चिकटवायचा आणि बाण सोडायचा. बाण खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत त्याच्यामागे जो धागा ओढला जातो तो डोळ्यांना धड दिसतही नाही. ही युक्ती इंग्लंडच्या बॉइज यांची. वैद्यकातले एक मोठे यंत्र असे खरोखरच्या धनुष्यबाणाने जन्माला आले! धागा सुमारे दोन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या तिसाव्या भागाएवढा. वीज वाहावी म्हणून त्यावर चांदीचा मुलामा. त्याच्या दोन्ही बाजूंना अवाढव्य विद्युतचुंबक. धाग्याची सावली सहाशे पट मोठी करून एका फटीतून सरकत्या छायाचित्र-काचेवर पाडायची. वेळेच्या खुणांसाठी फिरत्या चाकाच्या आऱ्यांची सावलीही त्याच काचेवर पडे. ईसीजीच्या कागदावरच्या उभ्या रेघा त्यांच्या वंशातल्या.

धागा जास्त ताणला की तो चपळ होतो पण कमी सरकतो. सैल सोडला की भरपूर सरकतो पण आळसावतो. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत त्याचा ताण जुळवत राहायचे. शेवटी एक मिलिव्होल्टला एक सेंटीमीटर हे प्रमाण त्यांनी पक्के केले आणि प्रत्येक नोंदीआधी ज्ञात दाबाची वीज सोडून ते तपासण्याचा दंडक घातला. आपल्या फायलीतल्या कागदावरचा तो चौकोनी उंचवटा म्हणजे हीच तपासणी.

१९०१ साली त्यांनी या तंतू-गॅल्व्हॅनोमीटरची माहिती प्रसिद्ध केली आणि १९०३ मध्ये माणसांच्या नोंदी. पाऱ्याच्या नोंदीवरून आठ वर्षांपूर्वी हिशेबाने काढलेली रेघ आणि आता तंतूने स्वतः काढलेली रेघ त्यांनी ताडून पाहिली. दोन्ही जुळत होत्या. पी, क्यू, आर, एस, टी, सगळे जागच्या जागी. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस नोबेलचा नव्हे, हा. न दिसलेल्या गोष्टीबद्दल गणिताने जे सांगितले होते ते डोळ्यांना दिसले होते.

यंत्र मात्र एखाद्या छोट्या कारखान्यासारखे होते. वजन सुमारे २७० किलो, पसारा दोन खोल्यांचा, चालवायला पाच माणसे. चुंबक तापू नये म्हणून त्याच्याभोवती सतत पाणी खेळवावे लागे. तपासून घेणाऱ्याने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. चिकटणारी बटणे नंतर आली, पण उजवा हात, डावा हात आणि डावा पाय यांच्यातले दाब दोन-दोन करून मोजण्याची रीत आजही तीच आहे. लीड एक, दोन आणि तीन म्हणतात ते हेच. या तीन जागांना त्यांनी पुढे समभुज त्रिकोणाचे रूप दिले आणि हृदयातली वीज कोणत्या दिशेने जाते हे त्यावरून काढायची पद्धत घालून दिली.

एवढे यंत्र रुग्णालयात नेता येईना आणि आजारी माणसे प्रयोगशाळेत आणवेनात. मधले अंतर सुमारे दीड किलोमीटर. तेव्हा त्यांनी रोग्याला जागच्या जागी ठेवले आणि त्याची वीज तेवढी मागवली. टेलिफोनच्या तारेतून! २२ मार्च १९०५ रोजी रुग्णालयातल्या एका धडधाकट माणसाच्या हृदयाची नोंद प्रयोगशाळेत उमटली. आर सुळका नेहमीपेक्षा उंच आला होता. तो गृहस्थ प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत सायकल हाणत गेला होता, त्याचा हा परिणाम असे ठरले. तालुक्याच्या दवाखान्यातून ईसीजीचा फोटो शहरातल्या तज्ज्ञाला मोबाइलवर पाठवण्याची सोय आज आपल्या सवयीची झाली आहे. तिची ही पणजी.

१९०६ साली त्यांनी या तारेवरून आलेल्या नोंदींचा संग्रह प्रसिद्ध केला. कप्प्यांच्या भिंती जाड झालेली हृदये, मध्येच जादा ठोका टाकणारी हृदये, वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संपर्कच तुटलेली हृदये. प्रत्येकाची रेघ वेगळी. नाडीवर बोट ठेवून जे फक्त अनियमित एवढेच कळायचे, त्यात आता जाती-पोटजाती दिसू लागल्या. याचा खरा फायदा लंडनच्या थॉमस लुइस यांनी करून घेतला. नाडी पूर्ण बेताल चालते अशा रोग्यांत हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावतच नाहीत, नुसते फडफडतात, हे त्यांनी १९०९ साली या यंत्राने दाखवले. ज्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी आज अनेक ज्येष्ठांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, तेच हे. केंब्रिजच्या उपकरण कंपनीने १९११च्या सुमारास यंत्र टेबलावर मावेल इतके लहान केले आणि ईसीजी रुग्णालयांत शिरला. ही कंपनी चालवणारे होरेस डार्विन हे उत्क्रांतीवाल्या डार्विन यांचे चिरंजीव.

ईसीजीवर आपल्याकडे जरा जास्तच विसंबतात, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयविकाराचा झटका नाहीच, असे नसते. झटक्याच्या पहिल्या तासांत तो साधा दिसू शकतो. त्यासाठीच डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. पहिला कागद पाहून घरी पळण्यात शहाणपण नाही. याचे कारण वर आलेच आहे. ईसीजी हा अब्जावधी पेशींचा एकत्र गलका आहे. वानखेडे स्टेडियमच्या बाहेर उभे राहून आत चौकार लागला की विकेट पडली एवढे ओळखता येते. कोणत्या खुर्चीवरचा माणूस गप्प बसला आहे ते कळत नाही.

त्या एका खुर्चीजवळ जायला आणखी अर्धशतक लागले. १९४०च्या दशकात शिकागोतल्या लिंग आणि जेरार्ड यांनी मायक्रॉनहूनही बारीक टोकाच्या काचनळ्या स्नायूच्या पेशीत खुपसून आतला दाब मोजला. १९७६ साली नेहर आणि साकमान या जर्मनीतल्या जोडीने पेशीच्या पडद्यातल्या एकेका दाराची वीज नोंदवली. पण सुई ती सुईच. ती एका जागी टोचते, पेशीला जखम करते आणि पडद्यापलीकडचे, पेशीच्या पोटातले, काही सांगत नाही. २००७ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात राउल कोपलमन यांच्या गटाने तारच काढून टाकली. सुमारे ३० नॅनोमीटरचे कण, म्हणजे मिलिमीटरचे तेहेतीस हजार भाग केले तर त्यातला एक, आणि त्यांच्या पोटात असा रंग की आजूबाजूचे विद्युतक्षेत्र बदलले की त्याचा प्रकाश बदलतो. असे हजारो कण मेंदूतल्या आधारपेशींमध्ये सोडून त्यांनी सूक्ष्मदर्शकातून तो प्रकाश वाचला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचे विद्युतक्षेत्र समजले जात होते त्यापेक्षा बरेच लांब, पेशीच्या द्रवात आतवर पसरते, असे त्यांना आढळले.

नॅनोकणांचे हे तंत्र अजून प्रयोगशाळेतच आहे. रक्त-लघवी तपासणीच्या यादीत ते शोधू नका. क्वांटम डॉट नावाच्या अर्धवाहक कणांना पेशीच्या पडद्यातच बसवून तिथल्या उड्या प्रकाशाने वाचण्याचे प्रयत्नही चालू आहेत. अडचणी कोणत्या? कण पडद्यात नेमका आडवा बसला की उभा. प्रकाश अंधूक, तर उडी हजाराव्या सेकंदाची. कॅडमियमसारखे धातू असलेले कण पेशीला विषारी ठरण्याची भीती. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे प्रकाश इतका बदलला तर मिलिव्होल्ट किती, हे माप पक्के करणे. मोजणारा पाहुणा घरातल्यांना त्रास न देता किती चपळाईने वावरतो, हाच इथेही प्रश्न आहे. पारा बाजूला सारून क्वार्ट्झ उचलणाऱ्या माणसाला यातले काहीही समजावून सांगावे लागले नसते.

१९२४ सालचे वैद्यकाचे नोबेल आइंटहोव्हेन यांना एकट्याला मिळाले. बातमी आली तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. वॉलर दोनच वर्षांपूर्वी वारले होते, आणि नोबेल हयात नसलेल्यांना देत नाहीत. वॉलर असते तर ते वाटून मिळाले असते का, यावर वाद घालता येईल. मला वाटते, मिळायला हवे होते. लुइस यांचे ऋण मात्र आइंटहोव्हेन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात मोकळेपणाने मान्य केले. आपल्या यंत्राला वैद्यकात जागा मिळाली ती या माणसामुळे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आणखी एक हकीकत सांगतात. तंतू-गॅल्व्हॅनोमीटर उभारताना त्यांच्याबरोबर राबलेला प्रयोगशाळेतला जुना मदतनीस त्यांनी शोधला. तो वारला होता आणि त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस काढत होत्या. बक्षिसाच्या पैशातला निम्मा वाटा त्यांनी त्या बहिणींना दिला.

साठी उलटल्यावरही ते धागा बारीकच करत राहिले. मानेतल्या सिंपथेटिक मज्जातंतूचे क्षीण प्रवाह त्यांना नोंदवायचे होते. त्यासाठी तंतू निर्वात नळीत बसवला, म्हणजे हवेचाही अडथळा नको. या कामात त्यांचा मुलगा विलेम फ्रेडरिक त्यांच्या जोडीला होता. तो विद्युत अभियंता. जावा बेटावरच्या मलबार केंद्रातून निघणारे बिनतारी संदेश नेदरलँड्समध्ये टिपायचे, तेही याच तंतूने, अशी बापलेकांची खटपट. लहरींची कंपने सेकंदाला चाळीस हजार, तेव्हा तंतूही तितक्याच वेगाने थरथरला पाहिजे. त्यासाठी त्यांनी सहा मिलिमीटर लांबीचा आणि ०.१ मायक्रॉन जाडीचा धागा वापरला. आजच्या भाषेत शंभर नॅनोमीटर. दहा वर्षांचा असताना जहाजाने मागे सोडलेल्या बेटाचा आवाज म्हातारपणी लायडनच्या प्रयोगशाळेत असा एका न दिसणाऱ्या धाग्यावर आला.

पुढे दुखणे बळावले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी ते लायडनमध्ये वारले. शेजारच्या उख्स्टखेस्ट गावातल्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. हृदयाच्या विद्युतप्रवाहांवरचे त्यांचे विस्तृत प्रकरण एका जर्मन ग्रंथमालेसाठी लिहून झाले होते. ते छापून आले पुढच्या वर्षी.